बाबांच्या रिपोर्टवरचा ‘लॉस’ हा शब्द

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे. वडील ५२ वर्षांचे, शेतकरी. वर्षभर अशक्तपणा होता, रक्त कमी भरत होतं. सिकलसेलची तपासणी केली, ‘एएस’ (म्हणजे वाहक) निघाली, म्हणून लोहाच्या गोळ्यांवर दिवस काढले. मे महिन्यात मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ सापडली आणि ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये टी-३, एन-० आहे. १६ लसिका गाठी (लिंफ नोड) तपासल्या, सगळ्या स्वच्छ. पुढे एमएसएच-२ आणि एमएसएच-६ या नावांसमोर ‘लॉस ऑफ एक्स्प्रेशन’ लिहिलं आहे. सीईए, म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात मोजतात तो मार्कर, ऑपरेशनआधी १८.४ होता, दीड महिन्याने ३.१, आणि आता तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये ६.२. एक डॉक्टर म्हणतात, सहा महिने कॅपेसिटाबिनच्या (केमोच्या) गोळ्या घ्या. दुसरीकडे सांगितलं की मोठी जनुकीय तपासणी करा, म्हणजे किती वर्षं काढतील ते कळेल. त्यासाठी एक एकर विकायचा विचार चालू आहे. वडिलांचे थोरले भाऊ ४४व्या वर्षी ‘पोटातल्या गाठीने’ गेले, आत्या ४८व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने. शेवटचा प्रश्न असा: बाबा किती दिवस काढतील?

भाऊ, आधी त्या एकराचं बोलतो. या तपासणीसाठी जमीन विकू नका. बाबांच्या आजच्या अवस्थेत जे ठरवायचं आहे ते ठरवायला लागणारी जवळजवळ सगळी माहिती तुमच्या हातातल्या कागदावर आलेली आहे. उरली आहे ती थोडक्या पैशात मिळते.

किती दिवस, हा प्रश्न यवतमाळ, वर्धा, वाशीमच्या गावांतून येणारा प्रत्येक माणूस मला विचारतो. कोणी कागद पुढे सरकवत विचारतो, कोणी बाकी सगळे बाहेर गेल्यावर हळूच म्हणतो, “साहेब, मले खरं सांगा, किती रायले?” कुठलाही मार्कर, म्हणजे गाठीत किंवा रक्तात तपासली जाणारी खूण, एका माणसाची तारीख सांगत नाही. तो सांगतो, की अशाच गाठीच्या शंभर माणसांचं पुढे साधारण काय झालं, आणि कोणतं औषध त्यांना लागू पडलं किंवा पडलं नाही. मी मार्करकडे दुसऱ्या कामासाठी जास्त पाहतो. तो उपचाराचा निर्णय बदलतो का? बदलत नसेल तर ती तपासणी मी करायला सांगत नाही.

कागद क्रमाने वाचू. सगळ्यात मोठा अंदाज अजूनही साध्या सूक्ष्मदर्शकाखालच्या टप्प्यावरूनच येतो. टी-३ म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरातून बाहेरच्या चरबीपर्यंत गेली आहे, पण आतड्याबाहेरचं आवरण फोडलेलं नाही. एन-० म्हणजे लसिका गाठींत कॅन्सर नाही. हा दुसरा टप्पा. किमान १२ गाठी तपासल्याशिवाय ‘एन-०’वर विश्वास ठेवू नये असा नियम आहे, तुमच्याकडे १६ आहेत. सर्जनने नीट कापलं आणि पॅथॉलॉजिस्टने नीट शोधलं, दोघांचंही काम चांगलं झालं आहे. या टप्प्यावर निव्वळ ऑपरेशननंतर पाच वर्षांनी दहापैकी साधारण आठ माणसं आपल्यात असतात. रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी शोधा: गाठीच्या पेशी रक्तवाहिन्यांत किंवा मज्जातंतूंभोवती शिरल्या होत्या का, आणि ऑपरेशनच्या वेळी आतडं फुटलेलं किंवा पूर्ण बंद झालेलं होतं का. यातलं काही असेल तर पुढचं बोलणं थोडं बदलेल.

आता त्या ‘लॉस’कडे येतो. हा शब्द वाचून घरात रडारड झाली असं तुम्ही लिहिलंत. काहीतरी मोठं हातचं गेलं, असंच कोणालाही वाटेल.

पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातला सगळा डीएनए पुन्हा उतरवून काढावा लागतो. पूर्वी तलाठी सातबारा हाताने उतरवायचे, तेव्हा एखादा गट नंबर चुकायचा आणि नंतर कोणीतरी ताळा करून दुरुस्त करायचा. पेशीत ताळा करण्याचं काम चार प्रथिनं करतात: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. ती जोडीने काम करतात. एमएसएच-२ नसेल तर त्याचा जोडीदार एमएसएच-६ टिकत नाही, म्हणून बाबांच्या गाठीत दोन्ही एकदम दिसेनाशी झाली. ताळा करणारा नसला की चुका साचत जातात. याच अवस्थेला काही रिपोर्टांत ‘एमएसआय हाय’ म्हणतात, काहींत ‘डीएमएमआर’. आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत असे साधारण पंधरा निघतात, आणि बहुतेकदा गाठ उजव्या बाजूला असते, जशी बाबांची.

अशा गाठीत चुकीची, वेडीवाकडी प्रथिनं इतकी तयार होतात की शरीराच्या संरक्षक पेशींना ती परकी म्हणून चटकन ओळखू येतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गाठीभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. म्हणून दुसऱ्या टप्प्यातल्या अशा गाठी इतर गाठींपेक्षा कमी वेळा परत येतात. म्हणजे ज्या शब्दाने घरात रडू आलं, तो बाबांच्या बाजूचा आहे.

कॅपेसिटाबिनचा प्रश्नही त्याच शब्दाने सुटतो. ही गोळी पोटात गेल्यावर ५-एफयू या जुन्या औषधात बदलते. २००३ साली ५७० रुग्णांच्या गाठी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ज्यांच्या गाठीत ताळा करणारी यंत्रणा बिघडलेली होती, त्यांना एकट्या ५-एफयूवर आधारलेल्या उपचाराचा फायदा झाला नाही. नंतरच्या अभ्यासांनी दुसऱ्या टप्प्यापुरती ही गोष्ट पक्की केली. ज्यांनी गोळ्या सुचवल्या त्यांचा हेतू काळजीचाच असणार, ‘काहीतरी तर देऊ’ असा. पण तळहात-तळपायाची सालपटं निघणं, जुलाब, तोंड येणं हे सगळं सोसून काही मिळणार नसेल, तर ऐन हंगामात सहा महिने त्या माणसाला का झिजवायचं? वर सांगितलेली जोखमीची लक्षणं रिपोर्टमध्ये नसतील, तर माझं मत स्पष्ट आहे: केमो नको, नियमित तपासणी हवी. हा कागद घेऊन त्याच डॉक्टरांना विचारा, “गाठ डीएमएमआर आहे, दुसरा टप्पा आहे, तरी एकटं कॅपेसिटाबिन का?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

पण या निकालावर एवढं सगळं उभं करण्याआधी तो निकाल खरा आहे याची खात्री करा. हे मी अनुभवातून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंच्या आतड्याचं ऑपरेशन एका छोट्या रुग्णालयात झालं. काढलेला तुकडा तो टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनऐवजी सलाइनच्या पाण्यात, प्लास्टिकच्या डब्यात ठेवला गेला. पेरणीचे दिवस, नातेवाइकांपैकी कोणी मोकळा नाही, म्हणून तो डबा दोन दिवसांनी एसटीने लॅबमध्ये पोचला. तोवर पेशी सडू लागल्या होत्या. रिपोर्टवर चारही प्रथिनं ‘नाहीत’ असं आलं, आणि मी त्यावर निर्णय घ्यायच्या बेतात होतो. पॅथॉलॉजिस्ट मित्राला स्लाइड दाखवली. त्याने एका मिनिटात सांगितलं, की बाजूच्या निरोगी पेशींतही रंग आलेला नाही, म्हणजे तपासणीच फुकट गेली आहे. निरोगी पेशी आणि लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) यांच्यात ही प्रथिनं असतातच. तिथे रंग आला आणि गाठीत आला नाही, तरच ‘लॉस’ खरा. त्याला इंटर्नल कंट्रोल म्हणतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘इंटर्नल कंट्रोल पॉझिटिव्ह’ असं कुठेतरी लिहिलेलं असेल, ते पाहा. एमएलएच-१ आणि पीएमएस-२ शाबूत दिसले आहेत, त्यावरून तुकडा बरा टिकला होता असं वाटतं. तरी विचारून घ्या.

याच कारणाने पॅराफिन ब्लॉक जपा. मेणात बुडवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीपेक्षाही लहान. बाबांचा सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणाल तर तो हा, कारण पुढे कधी कुठलीही तपासणी लागली तर त्याच्यावरूनच करता येईल. लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड लेखी अर्ज करून मागून घ्या, पाकिटावर नाव आणि नंबर लिहा, उन्हाच्या झळा लागणार नाहीत अशा जागी ठेवा. पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात मेण मऊ पडू शकतं.

आता या शब्दाची दुसरी बाजू, आणि ती तुमच्यासाठी आहे.

एमएलएच-१ गेलेलं असतं तर आधी ते वयामुळे, जनुक झाकलं जाऊन बंद पडलं का ते पाहावं लागलं असतं. त्यासाठी बीआरएएफ या दुसऱ्या जनुकाची तपासणी करतात. एमएसएच-२ मात्र असं सहसा बंद पडत नाही. ते गेलं की बहुतेक वेळा माणूस जन्मतःच त्या जनुकाची एक बिघडलेली प्रत घेऊन आलेला असतो. काही वेळा फक्त गाठीतल्याच दोन्ही प्रती नंतर बिघडलेल्या असतात, म्हणून रक्त तपासून खात्री करायची. पण तुमच्या मोठ्या बाबांचं ४४व्या वर्षी जाणं आणि आत्यांचं ४८व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने जाणं, हे शेजारी ठेवून पाहिलं की मला फारशी शंका उरत नाही. याला लिंच सिंड्रोम म्हणतात.

१८९५ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावात ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की माझ्या घरचे सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती खरंच तरुणपणी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिननी तिच्या कुटुंबाची वंशावळ मांडून १९१३ साली प्रसिद्ध केली. हेन्री लिंच यांनी १९६०च्या दशकात अशाच कुटुंबांचा पाठपुरावा केला आणि नाव त्यांचं लागलं. पुढे त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वंशजांत दोष सापडला तो एमएसएच-२ मध्येच. त्या बाईला जे डॉक्टरांच्या आधी कळलं होतं, ते आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही कळलेलं असतं. “त्यायच्या घरात तो रोगच हाये,” असं ते म्हणतात. आपण ते करणी, भानामती किंवा नशीब म्हणून सोडून देतो.

म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. बाबांच्या रक्तातून एमएसएच-२ची जन्मजात तपासणी करून घ्या, आधी जनुकीय समुपदेशन घेऊन. त्यांच्यात नेमका दोष सापडला की तुम्हा भावंडांना पुन्हा सगळं तपासावं लागत नाही, तेवढी एकच जागा पाहायची असते. प्रत्येक भावंडाला तो दोष मिळाला असण्याची शक्यता निम्मी. ज्यांना नाही मिळाला, त्यांनी निश्चिंत व्हावं, त्यांच्या मुलांनाही तो जात नाही. ज्यांना मिळाला, त्यांनी साधारण २५व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची. कॅन्सर होण्याआधीचा आतड्यातला मस्सा (पॉलिप) दिसला की तो तिथल्या तिथे काढता येतो. बहिणींच्या बाबतीत गर्भाशयाच्या अस्तराचंही लक्ष ठेवावं लागतं. पाळीच्या मधेच रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, हे “बायांचं असंच असते” म्हणून सोडायचं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला माहीत आहे घरात काय बोललं जाईल. “बहिणीचं लग्न व्हायचं हाये, ही गोष्ट बाहेर नको.” मी ही भीती खोटी म्हणणार नाही. तपासणीचा निकाल कोणाला सांगायचा हा तुमच्या बहिणीचा हक्क आहे, आणि तो निकाल तिच्या हातात बंद पाकिटात राहू शकतो. पण लग्न जमावं म्हणून तपासणीच टाळली, तर आत्यांचं जे झालं ते तिचंही होऊ शकतं, तेव्हा ती दोन लेकरांची आई असेल. आत्यांची मुलंमुली कुठे आहेत? त्यांनाही हे कळवायला हवं. नातं तुटलेलं असलं तरी कळवा.

बाबांनाही हे लागू आहे. त्यांचं उरलेलं आतडं तेच जनुक घेऊन बसलं आहे. ऑपरेशनआधी पूर्ण कोलोनोस्कोपी झाली नसेल तर आता तीन ते सहा महिन्यांच्या आत करून घ्या, आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी, नागपूर, जिथे जमेल तिथे. दूर असलं तरी एकाच ठिकाणी फाइल ठेवा. ॲस्पिरिनने लिंचच्या लोकांत कॅन्सर कमी होतो हे खरं आहे, पण मात्रा डॉक्टरांना विचारूनच. पोटात अल्सर असलेल्या माणसाने मेडिकलमधून आणून स्वतःहून सुरू करू नये.

सीईए १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधला. साठ वर्षं झाली, आणि या रोगात पाठपुराव्यासाठी अजून त्याच्याएवढी स्वस्त, उपयोगी रक्ततपासणी मिळालेली नाही. पण तो खोटाही बोलतो. ५ ही सीमा धरली तर परत आलेल्या दहा कॅन्सरांपैकी साधारण सातच तो पकडतो, आणि ज्यांचा कॅन्सर परत आलेला नाही अशा शंभरांपैकी बारा जणांना उगाच घाबरवतो. बिडी-सिगारेटने तो वाढतो. यकृताला सूज असेल, दारूने यकृत खराब असेल, तरी वाढतो. बाबा बिडी ओढतात का, हे तुम्ही लिहिलं नाही. ओढत असतील तर आजपासून बंद, आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना खरं सांगा.

तुमच्या आकड्यांत मला महत्त्वाचा वाटतो तो मधला, ३.१. गाठ पूर्ण निघाली असेल तर सीईए चार ते सहा आठवड्यांत खाली यायला हवा, तसा तो आला. आताचा ६.२ दुसऱ्या लॅबचा आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची किट वेगवेगळी प्रतिपिंडं वापरतात. त्याच माणसाचं तेच रक्त दोन लॅबना दिलं तर दोन आकडे येतात. म्हणून हे दोन आकडे एका ओळीत मांडून ‘दुप्पट झाला’ म्हणता येत नाही. ५ ते १० मधला एकटा आकडा बरेचदा पुन्हा तपासल्यावर खाली येतो. पण म्हणून सोडूनही देऊ नका. पहिल्या लॅबमध्येच तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. तो ५च्या खाली आला तर ठरल्याप्रमाणे पुढे चला. ६च्या वर चढतच असेल तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन, मग काढणी असो की लग्न असो. नंतर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, लॅब तीच. परत यायचा असला तर हा कॅन्सर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत येतो, आणि यकृतात एकटी गाठ लवकर सापडली तर ती कापून माणूस बरा होऊ शकतो. म्हणून एवढा आग्रह.

माझ्याकडचे पाठपुरावे तुटतात ते ठरलेल्या दोन वेळी: मृगाच्या पेरणीला, आणि सोयाबीन-कापसाच्या दिवसांत. तारखा आधीच त्या टाळून मागा. डॉक्टरला काय, आठवडा इकडेतिकडे चालतो.

मोठ्या जनुकीय तपासणीबद्दल थोडक्यात. केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ, हर-२ या गाठीतल्या जनुकांच्या तपासण्या चौथ्या टप्प्यात, म्हणजे कॅन्सर पसरलेला असताना औषध निवडायला लागतात. साधारण चाळीस टक्के गाठींत केआरएएस बदललेला असतो आणि तिथे सेटुक्सिमॅब हे औषध देऊ नये, असे ते निर्णय असतात. बाबांचा कॅन्सर पसरलेला नाही, म्हणून आज त्याने काही बदलणार नाही. देव न करो, पुढे लागलंच तर ब्लॉक आहेच. आणि तेव्हाही हा ‘लॉस’ कामी येईल: पसरलेल्या डीएमएमआर गाठींत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीने (शरीराच्या संरक्षक पेशींना कामाला लावणाऱ्या औषधाने) रोग केमोच्या जवळपास दुप्पट काळ, ८.२ ऐवजी १६.५ महिने रोखून धरला, असं ३०७ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. ते औषध महाग आहे, पण दार उघडं आहे हे माहीत असू द्या.

रक्तातला गाठीचा डीएनए शोधणारी लिक्विड बायोप्सी खरंच आश्वासक आहे. २०२२ साली आलेल्या एका चाचणीत दुसऱ्या टप्प्याच्या ४५५ रुग्णांत तिच्या मदतीने केमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५वर आलं, आणि पुनरावृत्ती वाढली नाही. पण ती मुख्यतः केमो कोणाला टाळता येईल हे सांगते. बाबांना तो निर्णय एमएसएच-२ने आधीच दिला आहे.

शेवटी सिकलसेलचं, कारण हे मी आपल्या भागात फार पाहतो. ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहक असल्याने रक्त कमी होत नाही. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरलं आणि तपासणीत ‘एएस’ आलं, की सगळे तिथेच थांबतात. उजव्या आतड्यातली गाठ मात्र थेंब थेंब रक्त गाळत राहते आणि शौचाला लालही दिसत नाही. बाबांचं वर्ष त्यात गेलं. तो दोष तुमचा नाही. पण शेजारीपाजारी कोणी याच कारणाने गोळ्या घेत बसलं असेल, तर त्याला शौचातलं लपलेलं रक्त तपासायला आणि कोलोनोस्कोपीला पाठवा.

पोळा झाला की आधी पहिल्या लॅबमध्ये बाबांचं रक्त द्या. सीईएची एक वही करा, तारीख, लॅबचं नाव, आकडा. कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाताना ब्लॉक, स्लाइड, मूळ रिपोर्ट आणि घरच्यांची वंशावळ न्या: कोण, कितव्या वर्षी, कशाने गेलं. मोठ्या बाबांच्या ऑपरेशनचा जुना कागद कोणाच्या पेटीत असेल तर तोही. आणि बहिणीला सोबत घेऊन जा, म्हणजे डॉक्टर सांगतील ते तिलाही स्वतःच्या कानाने ऐकता येईल.